पाहुणे : एक

कापड पांढरं, बारा फूट लांब, बारा फूट रुंद, ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या चौकटीत ताणलेलं. भर दुपारचं ऊन त्यातून गाळलं की सकाळचं होतं.

•

सासवडच्या झेंडे फोटो स्टुडिओत मागच्या पडद्यावर एक जिना रंगवलेला होता. तीस वर्षं गावातल्या नवरा-नवरींनी त्या जिन्याशी उभं राहून फोटो काढले. जिना सात पायऱ्यांचा होता. पुढे भिंत.

•

'युद्ध, दंगल, भूकंप, तसेच प्रेक्षक, पाहुणे व अनाहूत व्यक्ती यांस झालेली इजा यात समाविष्ट नाही.' विमा पॉलिसी, पान अकरा.

•

आज्ञा न देताही मराठीत काम सांगता येतं. "तो दिवा जरा डावीकडे असता तर बरं झालं असतं." एवढं म्हणायचं आणि दुसरीकडे बघायचं. दिवा डावीकडे होतो.

•

"साखर चालते ना, साहेब?"

वत्सलाकाकींनी विचारलं, आणि विमा कंपनीकडून चौकशीला आलेल्या कुलथेंनी फाइलवरून मान वर न करताच ती हलवली.

दोन हजार नऊ साल, मार्च महिना, गुरुवार सकाळ. सासवडच्या त्या भाड्याच्या घरात नाना आणि काकी दोघंच राहायचे. आता काकी एकट्या. नानांचं तेरावं आदल्या दिवशी झालं होतं. बैठकीच्या खोलीत आम्ही चौघं होतो: काकी, कुलथे, फोटोग्राफर उन्मेष जगताप आणि मी. उन्मेषसारख्या पाच फोटोग्राफरांचं काम आमची पुण्यातली एजन्सी बघायची. गिऱ्हाईक आणायचं, जागा ठरवायची, माणसं, गाड्या, जेवण. आणि विमा. विमा माझ्याकडे होता. प्रत्येक शूटच्या आधी कंपनीला एक यादी पाठवावी लागे: नाव, वय, काम. खाली माझी सही.

"थोडक्यात उरकतो, काकी," कुलथे म्हणाले. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. चपला बाहेर काढून, पायांवर पाणी घेऊन आत आला होता. "नाना, म्हणजे नारायण झेंडे, त्या दिवशी वाघोलीच्या खाणीवर कशासाठी गेले होते?"

"कशासाठी म्हणजे? उन्मेषनं बोलावलं म्हणून. हा ह्यांचा शिष्य. ह्याच घरात डार्करूमचे ट्रे धुवून फोटो शिकला. आता एवढा मोठा झाला, पण ह्यांच्याशिवाय पान हलत नाही त्याचं. दारात गाडी पाठवतो."

"म्हणजे कामाला नव्हते?"

"कामाला?" काकी हसल्या. "अहो, ह्यांच्याच हाताखाली सहा माणसं होती एकेकाळी. हे कशाला कुणाच्या कामाला जातील? मान म्हणून नेतात. खुर्ची टाकतात. बसायचं, बघायचं, चुकलं तर सांगायचं."

उन्मेष कपातल्या चहाकडे बघत होता. मी उन्मेषकडे.

खुर्ची होती, हे खरं आहे. घडीची, कॅनव्हासची, पाठीवर पांढऱ्या रंगात 'नाना' लिहिलेली. प्रत्येक शूटला ती गाडीतून यायची आणि सगळ्यात आधी उघडली जायची. चार वर्षांत तिच्यावर नानांच्या चष्म्याचं घर आणि पाण्याची बाटली बसली. नाना कधी बसलेले मी पाहिले नाहीत.

प्रश्न ३. सदर व्यक्तीचे काम

स्टुडिओ बंद झाला त्या वर्षी उन्मेष माझ्या टेबलाशी आला होता.

"नानांना आपल्याकडे घ्यायचंय."

"कशाला?"

"मदतीला."

"म्हणजे असिस्टंट?"

"हळू बोल," तो म्हणाला. नाना ऑफिसमध्ये नव्हतेच. ते सासवडला होते, पन्नास मिनिटांच्या अंतरावर. "तो शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही. मीही काढणार नाही."

पहिल्या शूटच्या आदल्या दिवशी नाना स्वतः आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी यादी करत होते.

"वय एकसष्ट," मी म्हटलं. "काम काय लिहू, नाना? लाइट असिस्टंट लिहिते."

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे कागद कुठं जातात?"

"विमा कंपनीत. तिथेच राहतात."

"कागद कुठंच राहत नाहीत, हेमांगी. तीस वर्षं कागदावरच माणसं छापली मी." मग जरा थांबून म्हणाले, "घरी ठाऊक आहे की मी बघायला जातो. तेवढं राहू दे. पाहुणा लिही."

"पाहुणा?"

"लिही की. पाहुण्याला जेवण चांगलं मिळतं."

मी हसले. यादीच्या तळाला लिहिलं, पाहुणे : एक. श्री. नारायण झेंडे. पुढची चार वर्षं मी तीच यादी वापरली. वय एकानं वाढवायचे आणि तारीख बदलायचे.

पान अकरा मी वाचलं होतं. पाहुणे म्हणजे गिऱ्हाइकाची बायकापोरं असतील, शूटिंग बघायला येतात ती, असं मला वाटलं होतं. नाना त्यात बसतील हे डोक्यात आलं नाही. किंवा आलं आणि मी ते बाजूला ठेवलं. आता नक्की सांगता येत नाही.

प्रत्येक शूटनंतर त्यांना पाकीट दिलं जायचं. त्यावर उन्मेष स्वतःच्या हातानं 'गुरुपौर्णिमा' लिहायचा. नाना ते कपाळाला लावायचे आणि म्हणायचे, "तुमच्याकडं गुरुपौर्णिमा फार येते बाबा. पंचांग कुठलं वापरता?" त्या पाकिटांवर सासवडचं घर चालत होतं.

त्याबदल्यात नाना दिवे लावायचे, वायरी गुंडाळायचे, स्टँड आणि वाळूच्या पिशव्या उचलायचे. वाळूच्या पिशव्या स्टँडच्या पायांवर ठेवतात, वाऱ्यानं पडू नये म्हणून. उन्मेष त्यांना काही करायला सांगायचा नाही. तो हवेत बोलायचा. "गालावर जरा अंधार पडलाय." नाना उठलेलेच असायचे. "मागचा दिवा तापला असेल." दिवा बंद व्हायचा. नवीन माणसांना हे कळायला आठवडा जायचा. मग तेही तसंच बोलायला लागायचे. ज्या शूटवर नाना असायचे तिथे दिवसभर कुणी कुणाला आज्ञा देत नसे. परदेशातून आलेली एक मेकअपवाली मला म्हणाली होती, तुमच्याकडची माणसं किती हळू बोलतात.

प्रश्न ९. अपघातसमयी सदर व्यक्ती काय करीत होती?

बंद पडलेली दगडाची खाण. दागिन्यांची जाहिरात. काळ्या दगडावर सोनं उठून दिसतं म्हणून ती जागा मीच शोधली होती. वाळूच्या पिशव्या ज्या टेम्पोत होत्या तो खाणीच्या तोंडाशी रुतला होता, आणि ऊन सरकत होतं. उन्मेष म्हणाला, "तोवर दोन फ्रेम होतील." मी हो म्हटलं.

पांढऱ्या कापडाची चौकट मग हातांनीच धरली, एका बाजूला एक लाइटमन, दुसऱ्या बाजूला नाना. खाली दगडावर मॉडेल मुलगी, गळ्यात तो हार.

वारा खालून आला. खाणीत तो खालूनच येतो, हे आम्हाला तिथल्या वॉचमननं नंतर सांगितलं. कापड फुगलं. लाइटमनच्या हातून नळी सुटली. मुलगी किंचाळली. आणि उन्मेष ओरडला,

"नाना, धरा!"

नानांनी धरलं. मुलगी खालून पळाली. मग आम्ही सगळेच ओरडत होतो, सोडा, नाना, सोडा. त्यांनी सोडलं नाही. कापडानं त्यांना मागे ओढत नेलं. मागे दगडाची एक पायरी होती, जेमतेम कमरेएवढी खोल.

नाना आणखी दोन दिवस होते, हॉस्पिटलात. शुद्धीवर आले नाहीत.

प्रश्न ९, चालू

"मग चौकट त्यांनी का धरली?" कुलथेंनी उन्मेषला विचारलं.

"जवळ होते."

"तुम्ही सांगितलंत?"

उन्मेषनं कप खाली ठेवला.

"मी नानांना कधी काम सांगितलं नाही."

"कधीच?"

"चार वर्षांत नाही."

"कसं सांगेल, साहेब?" काकी म्हणाल्या. "गुरू आहेत. समोर पाय पसरून बसत नाही तो अजून."

कुलथेंनी काहीतरी लिहिलं. मग पेनाचं टोपण लावलं. "पुण्याला जायचा दुसरा रस्ता दाखवता का बाई, घाटात काम चाललंय," असं मला म्हणाले आणि उठले.

बाहेर त्यांची स्कूटर होती. रस्ता त्यांनी विचारला नाही.

"अठ्ठावीस वर्षं हेच करतोय," ते म्हणाले. "त्या कॅमेऱ्यातल्या शेवटच्या चार फोटोंत झेंडे कडेला आलेत. हातात चामड्याचे हातमोजे आहेत. पाहुणा हातमोजे घालून येत नाही."

मी मागे वळून दाराकडे बघितलं.

"हे बघा. मला कुणाचं घर बुडवून बढती मिळत नाही. नाव यादीत आहे. काम चुकलंय. चूक दुरुस्त करता येते. तुम्ही लिहून द्यायचं, की ते तुमच्याकडे कामाला होते, चार वर्षं, अमुक काम. यादीत मी चुकीचं लिहिलं. तुमची सही. मी ते वर चालवतो, ती माझी जबाबदारी."

"देते," मी म्हटलं.

"थांबा. वारसाचीही सही लागते. आत त्यांनी आत्ता मला सांगितलं की नवरा कामाला नव्हता. ते मी लिहून घेतलंय. त्यांनी तेच उलटं लिहून द्यायला हवं. वाचून, समजून."

"त्यांना न सांगता..."

"न सांगता सही घेणार? विधवेची?" त्यांनी स्कूटरला किक मारली. "सोमवारी दुपारी रिपोर्ट पाठवतो. तोवर आणून द्या."

"नाही आणला तर?"

"तर ते पाहुणे."

गाडीत उन्मेष मागच्या सीटवर बसला, जिथे नाना बसायचे.

"तू सांग," मी म्हटलं.

"मी कुठल्या तोंडानं सांगू? की काकी, चार वर्षं नाना माझ्या पिशव्या उचलत होते?"

"तू 'धरा' म्हणालास तेही सांगावं लागेल."

"माहितीय."

"तिथं का नाही सांगितलंस?"

"तू का नाही सांगितलंस? यादी तू लिहिलीस."

दिवे घाटात खरंच काम चाललं होतं. आम्ही बराच वेळ उभे होतो.

"मी देईन काकींना," तो म्हणाला. "दर महिन्याला. जन्मभर."

त्यानं खरंच पाठवलं. काकींनी पहिलंच पाकीट परत केलं. आता कसली गुरुपौर्णिमा, असा निरोप होता.

ऑफिसात आमच्या मालकीणबाई रोहिणीताईंनी सगळं ऐकून घेतलं. "तुला योग्य वाटेल ते कर," त्या म्हणाल्या. मग मी दारापर्यंत पोचल्यावर म्हणाल्या, "फक्त एवढं बघ, खोटी माहिती दिली असं लिहून देणार तू. यादीवर सही तुझी आहे, एजन्सीची नाही."

प्रश्न १४. वारसाची सही

रविवारी स्वारगेटहून एसटीनं गेले. पर्समध्ये कागदाच्या दोन प्रती होत्या, टाइप केलेल्या. 'श्री. नारायण झेंडे हे आमचेकडे प्रकाशयोजना सहायक म्हणून कामास होते.' सहायक हा शब्द मी तीनदा बदलून परत तोच ठेवला होता.

काकी जमिनीवर बसून निगेटिव्ह लावत होत्या. जुन्या वह्यांच्या पानांत एकेक पट्टी घालून वर नाव लिहायच्या. घरमालकाला पुढची खोली हवी होती, मोबाइलच्या दुकानासाठी.

"एकटीच?" त्यांनी विचारलं. "उन्मेष नाही?"

"नाही. मीच."

"एसटीनं आलीस?"

"हो. सहज."

"रविवारची, उन्हाची, एसटीनं. सहज." काकींनी एक पट्टी उजेडाकडे धरली. "ही समोरच्यांची थोरली. तिच्या लग्नात लाइट गेले होते, तर ह्यांनी मोटारसायकलींच्या उजेडात फोटो काढले. त्या साहेबांचं काय झालं?"

"उद्या रिपोर्ट जाईल."

"काही अडलंय का?"

"अडलंय असं नाही."

त्यांनी पट्टी पानात ठेवली, वही मिटली आणि माझ्याकडे बघितलं.

"तुला काही सांगायचंय का मला?"

बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. तो कोपऱ्यावर पोचेपर्यंत मी त्याचं ओरडणं ऐकत राहिले.

"नाही, काकी. तुम्ही कशा आहात बघायला आले."

"मी बरी आहे." त्या उठल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. "रात्रीचं वाटतं कधीकधी, की माणूस अर्ध्यावर गेला. पण एक बरं झालं बघ. शेवटपर्यंत कुणाच्या हाताखाली जावं लागलं नाही."

मी पर्सचा बंद धरून बसले होते.

"हो ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तुम्ही लोक तिथं असायचात म्हणून विचारते. मी काय, घरात."

"हो, काकी. खुर्ची असायची त्यांची. नाव लिहिलेली."

काकी अजून माझ्याकडे बघत होत्या. किती वेळ, ते मला माहीत नाही. मग त्यांनी नजर खाली घेतली आणि पदरानं वहीवरची धूळ पुसली.

"नाव लिहिलेली," त्या म्हणाल्या. "बरं. चल, जेवून जा. पिठलं टाकते."

मी जेवले. त्यांनी वाढलं, शेजारी बसल्या, भाकरी संपली की दुसरी टाकली. पुण्यातल्या भाज्यांना चव नसते असं म्हणाल्या. मी हो म्हटलं. निघताना त्यांनी कुंकू लावायला बोट उचललं, मग आठवून खाली घेतलं आणि माझ्या हातावर साखर ठेवली.

सोमवारी दुपारी कुलथेंचा फोन आला.

"आणताय का?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले. "त्यांना सांगितलंत का?"

"सांगायला गेले होते."

"मी ते नाही विचारलं, बाई."

त्यांनी फोन ठेवला.

एप्रिलमध्ये कंपनीचं पत्र आलं. सदर व्यक्ती पाहुणे या वर्गात मोडत असल्याने दावा विचारात घेता येत नाही. मी त्यावर पोच दिली आणि ते फाइलला लावलं.

जूनमध्ये काकींनी घर सोडलं आणि त्या लोणंदला भावाकडे गेल्या. निगेटिव्हच्या वह्या उन्मेषनं आणल्या. त्या त्याच्या माळ्यावर आहेत. त्यानं पुढे माणसांचे फोटो काढणं सोडलं. आता तो हॉटेलांसाठी जेवणाचे काढतो, बंद खोलीत. मी भेटले की तो विचारायचा, "काकींचं काही?" पहिली काही वर्षं मी काहीबाही सांगायचे. दोन हजार सोळात काकी गेल्या. भावजयीनं फोन केला तेव्हा म्हणाली, शेवटपर्यंत काम करू दिलं नाही तर भांडायच्या. तुमच्या घरात पाहुणी नाही मी, म्हणायच्या.

मी अजून त्याच एजन्सीत आहे. यादीत आता पाहुण्यांचा रकाना नाही. सगळ्यांच्या नावापुढे काम लिहिते, अगदी बघायला आलेल्यांच्याही.

त्या रविवारी परतताना एसटीत मी स्वतःला सांगत होते की काकींचं एवढं एकच शिल्लक आहे, ते मी कसं घेऊ. सासवड ते स्वारगेट मी हेच सांगत होते. हडपसरला गर्दी उतरली, खिडकीपाशी जागा मिळाली, तरी तेच.

अपघाताच्या दिवशी हॉस्पिटलात नर्सनं कात्रीनं कापून काढलेला नानांचा शर्ट सही करून मी ताब्यात घेतला होता. उजव्या खांद्याला, जिथे स्टँड टेकवून वाहतात तिथे, आतून काकींच्या जुन्या लुगड्याच्या कापडाची चार पदरी गादी शिवलेली होती, बारीक हातशिलाईनं.